बाराखडी पाठ, पण वाचताना अडतंय

श्रोतेहो, नमस्कार.

पहिली-दुसरीतल्या मुलांचे पालक भेटले की एक तक्रार हमखास करतात. 'बाई, बाराखडी तोंडपाठ आहे हो, पण पुस्तक समोर धरलं की गाडं अडतं.' तुमच्या घरी असं होत असेल तर एक करून बघा. बाराखडीच्या तक्त्यावर मध्येच 'के' या अक्षरावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय? बरीच मुलं तोंडातल्या तोंडात क, का, कि, की अशी सुरुवातीपासून म्हणत येतात आणि मग 'के' सांगतात. सात पंचे किती विचारलं की सात एके सातपासून सुरू करतात, तसंच. चाल पाठ झालेली असते, अक्षराची ओळख झालेली नसते.

त्यातून आपण शिकवतो, 'म ला काना मा'. लिहिताना हे ठीक आहे. वाचताना मात्र मूल 'मामा' शब्दाचं 'म ला काना मा, म ला काना मा' करतं आणि शेवटाला पोचेपर्यंत शब्द काय होता तेच विसरतं. म्हणून घरी वाचायला बसवाल तेव्हा काना, मात्रा, वेलांटी ही नावं बाजूला ठेवा. 'मा' दाखवायचा, 'मा' म्हणायचं, पुढं जायचं. पहिल्या वेलांटीच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे. 'दिवा' लिहिलेला बघा. वेलांटी द च्या आधी दिसते आणि उच्चारात द च्या नंतर येते. डावीकडून एकेक खूण वाचत जाणारं पोर तिथं अडखळणारच. त्याला 'दि' हे अख्खं अक्षर एकदम ओळखू द्या.

सुरुवात कुठून करायची? क, ख, ग, घ हा क्रम उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेला आहे, शब्दकोशाला तो सोयीचा. जुने शिक्षक मात्र ग, म, भ, न पासून सुरुवात करत. या अक्षरांची वळणं एकमेकांच्या जवळची, आणि चार अक्षरं येताच शब्दही तयार होतात: मन, मग, नभ, गगन, नमन. त्यात र, ब, घ, व, ण, प अशी अक्षरं घालत गेलात की काना-मात्रा यायच्या आधीच पुरं वाक्य वाचता येतं. 'बबन, गरम वरण वरप.' हे वाक्य पाटीवर लिहून द्या. वरपायचं कसं ते पोर करूनच दाखवेल, आणि आपण वाचलं ते आपल्याला कळलं, हेही त्याच्या लक्षात येईल.

पाटी नसली तर परातीत रवा पसरा आणि बोटानं अक्षर काढू द्या. किंवा फरशीवर खडूनं मोठा 'ग' काढून त्यावर चिंचोके मांडायला सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या अशाच वस्तूंना त्यांनी शिक्षणाची साधनं बनवलं. महागडे खेळ आणायला हवेत असं काही नाही.

आणि भेंड्या! शेंगा सोलता सोलता शब्दांच्या भेंड्या लावा. घर, र वरून रबर, पुन्हा र, र वरून रताळं, आणि आली ळ वर पंचाईत. ळ नं सुरू होणारा शब्द आणायचा कुठून? मुलं खो खो हसतात. पण शब्दाच्या शेवटी कोणता आवाज आहे हे कानानं पकडायची सवय याच खेळात लागते, आणि वाचायला तीच लागते.

घरातही वाचायला पुष्कळ असतं. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी. भिंतीवरचं 'कालनिर्णय' घ्या. त्यातला र ण च्या डोक्यावर जाऊन बसलाय. हा र मोठा उपद्व्यापी. 'सूर्य' मध्ये एक रूप, 'प्रकाश' मध्ये दुसरं, 'ट्रक' मध्ये तिसरं, 'दऱ्या' मध्ये चौथं. साधे शब्द सरसर वाचता येईपर्यंत जोडाक्षरांच्या मागं लागू नका; मुलानं आपणहून विचारलं तर तेवढं सांगून मोकळे व्हा. ल चंही सांगून ठेवा. शाळेच्या पुस्तकात पाकळीचा ल असतो, मोबाइलवर बऱ्याचदा काठीचा. दोन्ही एकच, हे कुणी सांगितलं नाही तर मूल उगाच गोंधळतं.

दुसरी एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल आणि पुस्तकातलं 'पाणी' मुलानं 'पानी' असं वाचलं, तर ते चुकलं म्हणून टोकू नका. त्यानं शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या बोलीत म्हटला. वाचन झालं की! ण चा उच्चार सावकाश येतो.

'असर' नावाची पाहणी गावोगाव घरी जाऊन मुलांना जवळ बसवते आणि अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांवर वाचून घेते. 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या, पाचवीत असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली नव्हती. हीच तपासणी तुम्ही घरी करू शकता. मूल शब्दांपाशी अडतंय की गोष्टीपाशी, हे पाच मिनिटांत कळतं. जिथं अडतं तिथूनच सुरू करायचं, मग ते कितवीत का असेना. तिसरी उलटली तरी घ-ध, भ-म यांत सतत गोंधळ होत असेल, तर रागावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या, शिक्षकांशी बोला.

रोज दहा मिनिटं पुरे. आधी तुम्ही ओळीखाली बोट फिरवत वाचा, मग त्याला वाचू द्या. अडलं की लगेच शब्द पुरवू नका, मनातल्या मनात पाच म्हणेपर्यंत थांबा. एका ओळीत तीन-चार ठिकाणी अडत असेल तर ते पुस्तक आत्ता कठीण आहे, सोपं आणा. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी द्या.

घरात वाचता येणारं कुणी नसेल, तर? पोराला आजीपुढं बसवा. आजीला अक्षर येत नसलं तरी गोष्ट चांगली कळते. मधून मधून 'मग पुढं काय झालं रे?' एवढं तिनं विचारत राहावं. ते सांगायला पोराला पुढची ओळ वाचावीच लागते.

नमस्कार.