गंगाराम कांबळे यांचं हॉटेल

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाकडून शिवाजी चौकाकडे येणारा हा भाऊसिंगजी रोड. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. नाव दिलं 'सत्यसुधारक हॉटेल'.

गंगाराम दरबारच्या पागेत नोकरीला होते. एकदा सवर्ण नोकरांच्या हौदातलं पाणी घेतलं, एवढ्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर गंगाराम थेट महाराजांच्या सोनतळी कॅम्पवर गेले आणि झालेलं सगळं त्यांच्या कानावर घातलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामना चाकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले.

आणि गंगारामनी काढलं काय, तर हॉटेल! ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्यानं भररस्त्यात चहाचा कप पुढे करायचा. याला काळीज लागतं.

हॉटेल स्वच्छ, चहा फक्कड. पण मालक महार आहे ही बातमी गावभर झाली आणि गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, हॉटेलच्या दारात थांबू लागला. महाराज हाक मारून चहा मागवत. तो स्वतः पीत आणि सोबतच्या ब्राह्मण, मराठा मंडळींनाही पाजत. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारणार कोण? पुढे महाराजांनी त्यांना सोडावॉटरचं मशीनही घेऊन दिलं.

विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा सर्वांना खुल्या करणारे महाराजांचे हुकूम १९१९ चे. कागदावरचा तो हुकूम या रस्त्यावर लोकांना रोज दिसत होता, चहाच्या कपात.

कोल्हापुरात ही गोष्ट महाराजांची म्हणून सांगतात. ती त्यांची आहेच. पण महाराजांची गाडी पुढे गेल्यावर हॉटेलात उरत ते गंगाराम. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवून, कपबशा विसळून, आज कोण येतंय याची वाट बघायची ती त्यांनीच. त्यांच्या त्या धीराबद्दल आपण फार कमी बोलतो.

गंगाराम नुसते हॉटेलमालक राहिले नाहीत. अस्पृश्य समाजाच्या कामात ते पुढे होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. त्यानंतर कोल्हापुरात महाराजांचं पहिलं स्मारक उभं राहिलं ते नर्सरी बागेत. ते दरबारानं बांधलं नाही. गंगाराम कांबळे यांच्या पुढाकारानं दलित समाजानं ते उभारलं.