६० थेंबांचा एक मिलिलिटर

तीन किलोचं बाळ. त्याच्या अंगात रक्त असतं साधारण २४० मिलिलिटर. आणि वर टांगलेली सलाईनची ही बाटली ५०० मिलिलिटरची. ती भरभर आत गेली, तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं, जीवावर बेतू शकतं.

म्हणून बाटली आणि बाळ यांच्यामध्ये हे रेघा आखलेलं पारदर्शक नळकांडं असतं. बुरेट सेट. सिस्टर वरचा क्लॅम्प उघडतात, तास-दोन तासांपुरतं सलाईन नळकांड्यात घेतात आणि क्लॅम्प पुन्हा घट्ट लावतात. आता पाळी बदलताना नजर चुकली, थेंबांचा वेग कमी-जास्त करणारं खालचं चाक सताड उघडं राहिलं, तरी बाळाच्या अंगात जाऊन जाऊन जाईल ते एवढंच! इतकी साधी वस्तू, पण केवढा आधार.

आता थेंब बघा. मोठ्यांच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, इथे ६० थेंबांचा. तासाची मिनिटंही साठच. त्यामुळे मिनिटाला जितके थेंब, तासाला तितके मिलिलिटर. दहा किलोच्या मुलाला तासाला ४० मिलिलिटर द्यायचे आहेत? मिनिटाला ४० थेंब मोजा. हातात घड्याळ असलं की झालं. वीज गेली तरी हा हिशोब अडत नाही.

अगदी नाजूक बाळांना मात्र सिरिंज पंपच हवा. तासाला एक मिलिलिटरहूनही कमी औषध तो एकसारखं ढकलत राहतो.

हातावरची ही पिवळी टोपी २४ नंबरच्या कॅन्युलाची, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीची. त्याहून बारीक, जांभळी, २६ नंबरची. आत सुई टोचत राहते या विचाराने कित्येक आयांचा जीव कासावीस होतो. पण सुई तेव्हाच काढून घेतलेली असते. शिरेत राहते ती मऊ नळी.

एक कळकळीची विनंती. सलाईन लवकर संपावं म्हणून चाकाला हात लावू नका. पट्टीवर बांधलेल्या हाताची बोटं मुद्दाम उघडी ठेवलेली असतात. ती बघत राहा. हात सुजला, गार किंवा पांढरा पडला, बाळ हात धरूच देईना, तर सलाईन शिरेबाहेर झिरपत असू शकतं. पंप अशा वेळी दरवेळी वाजेलच असं नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सिस्टरना उठून सांगा. त्या सलाईन थांबवतील, नळी तपासतील आणि गरज पडली तर दुसरी शीर शोधतील.