ऐंशीच्या घरातला आरोपी

श्रोतेहो, नमस्कार. पाम बीच रोडवर किंवा आपल्या घोडबंदर रोडवर ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजोबांच्या गाडीखाली कुणाचा जीव गेला, असं समजा. ब्रेकऐवजी पाय अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. आता ते ठाण्याच्या कोर्टात काठी टेकून उभे आहेत. त्यांना शिक्षा काय द्यायची?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती २ वर्षांपर्यंतच होती. टोकियोच्या इकेबुकुरो भागात २०१९ साली ८७ वर्षांच्या एका चालकाच्या गाडीने सायकलवरच्या आईचा आणि तिच्या ३ वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. गाडीतच बिघाड होता, असं तो कोर्टात सांगत राहिला. २०२१ मध्ये त्याला ५ वर्षांची कैद झाली, तेव्हा त्याने नव्वदी गाठली होती.

वय पाहून कोर्टाने कैदेची काही वर्षं कमी केली, तर मी त्याला अन्याय म्हणणार नाही. पण पाय चुकला त्या एका क्षणापाशी कोर्टाने थांबू नये. मोतीबिंदू वाढलाय, रात्री गाडी काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं का? आधी कुठे भिंतीला, खांबाला गाडी घासली होती का? हे माहीत असूनही किल्ली उचलली असेल, तर खरा गुन्हा तिथेच घडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० नुसार कोर्ट दोषी चालकाला परवान्यासाठी अपात्र ठरवू शकतं. इथे वयाची सवलत अजिबात नको. त्या हातात पुन्हा गाडी जाता कामा नये. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना एवढं तरी मिळायलाच हवं.

आणि हे सगळं कोर्टापर्यंत जाण्याआधी? पंचावन्न उलटल्यावर परवान्याचं नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं. पंचाहत्तरीनंतर ५ वर्षांत नजर, गुडघे, कान किती बदलतात! चाळिशीनंतर लागणाऱ्या नमुना १-अ या वैद्यकीय दाखल्यात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हे डॉक्टरांनी लिहायचं असतं. डॉक्टरसाहेब, ओळखीचे पेशंट असले तरी तपासल्याशिवाय सही करू नका.

नेरूळ असो की नौपाडा, ज्यांच्या बाबांचा परवाना यंदा संपतोय, त्यांनी डॉक्टरांकडे सोबत जा. गुंगी आणणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर त्यांची नावं लिहून न्या, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी बाबांचे डोळे दिपतात, हेही बाबांसमोरच सांगा.