मोबाईलमध्ये टाकून दे

(दृश्य : लातूर, गंजगोलाई. दुकानांची शटर वर जातायत. कॅमेरा मोबाईलच्या एका लहानशा दुकानात शिरतो.)

लातूरची गंजगोलाई. 16 रस्ते इथं एका गोलाला येऊन मिळतात. मध्ये जगदंबेचं मंदिर, भोवती कापड, भांडी, सराफा. आणि आता गल्लोगल्ली मोबाईलची दुकानं.

औशाकडच्या खेड्यातून आलेले एक काका नवा मोबाईल घेऊन काउंटरला टेकलेत. दुकानातला पोरगा काचेखालचा बुडबुडा कार्डानं कडेला ढकलतोय. काका म्हणतात, "व्हॉट्सअ‍ॅप टाकून दे. फोनपे टाकून दे. आन् नातवाचं अभ्यासाचं काय असतंय, तेबी टाक."

टाकून दे.

अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या याला 'इन्स्टॉल' म्हणतात. एका इन्स्टॉलमागं जाहिरातीवर किती रुपये गेले, माणसानं दुसऱ्या दिवशी अ‍ॅप उघडलं का, सातव्या दिवशी उघडलं का, महिन्यानंतर ते मोबाईलमध्ये उरलं का, हे सगळं मोजलं जातं. काकांनी मॅचच्या मधली जाहिरात पाहिलेली असते, भिंतीवर रंगवलेली पाहिलेली असते. तरी अ‍ॅप त्यांच्या मोबाईलमध्ये येतं ते कुणीतरी विश्वासातलं टाकून देतं तेव्हाच. दुकानातला पोरगा, सरकारी कागदपत्रांची ऑनलाइन कामं करून देणारा सीएससी सेंटरवाला, पुण्याला कंपनीत असलेला पुतण्या, नाहीतर आठवीतली नात.

सोयरीक जुळवताना, उसनवारी करताना आपण कुणाकडं तरी शब्द टाकतो. मला वाटतं, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकतानाही तसा एक शब्द टाकलेला असतो. वापरा काका, काही होत नाही.

(दृश्य : रेल्वेच्या वाघिणी. स्टेशनबाहेर पाइपलाइन. घागरींची रांग.)

मराठवाड्याला 2016 हे साल दुष्काळातल्या पाण्याच्या रेल्वेसाठी आठवतं. 11 एप्रिलला मिरजेहून ती निघाली, 12 तारखेला पहाटे लातुरात पोचली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्याच 11 एप्रिलला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा प्रारंभ झाला. लातुरात त्या दिवशी ही बातमी कुणाच्या कानावर पडली असेल असं वाटत नाही. सगळं गाव टँकरला नंबर लावून उभं होतं.

मग पाऊस आला. 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि जे नेट आपण महिनाभर पुरवून पुरवून वापरायचो ते एकदम फुकट मिळायला लागलं. 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. ते दिवस ऐन सुगीचे. सोयाबीन मोंढ्यात आलेलं, कापसाची वेचणी चालू. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार, जिथं माल घालून विक्रीच्या हिशोबाची पट्टी घ्यायची आणि रोख पैसे कमरेला बांधून गावाकडं परतायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या नोव्हेंबरात आडत्याकडं रोकड नव्हती. हातात चेक आला आणि बँकेपुढं रांग लागली. 30 डिसेंबरला यूपीआयनं पैसे पाठवायचं सरकारचं भीम अ‍ॅप आलं.

नेट स्वस्त, नोटा दुर्मिळ आणि पैसे पाठवायचं साधन तयार. एवढं सगळं एकाच हंगामात जुळून यावं अशी आखणी कुठल्याही जाहिरातवाल्याला जमली नसती. तरी सवय काही लगेच लागली नाही. नोटा परत आल्या तशी माणसंही रोखीकडं परत गेली. त्यांना पुन्हा अ‍ॅपकडं वळवायला कंपन्यांनी बक्षिसं काढली.

सप्टेंबर 2017 मध्ये गूगलचं तेज हे पैसे पाठवायचं अ‍ॅप आलं, पुढं वर्षभरात त्याचं नाव गूगल पे झालं. पैसे पाठवले की स्क्रॅच कार्ड मिळायचं. बोटानं घासायचं. कधी थोडे रुपये निघायचे, पुष्कळदा 'बेटर लक नेक्स्ट टाइम'. इंग्रजीचा गंध नसलेल्या कितीतरी माणसांना हे चार शब्द पाठ झाले होते. 2019 च्या दिवाळीत तर पाच चित्रं गोळा करायची होती : दिवा, कंदील, फूल, झुमका आणि रांगोळी. पाचही जमली की 251 रुपये. चार सगळ्यांकडं असायची, रांगोळी कुणाकडंच नसायची. चित्र मित्राला देता यायचं, मागता यायचं. त्या दिवाळीत वर्षानुवर्षं न बोललेल्या माणसांनी एकमेकांना मेसेज केले, 'रांगोळी आहे का?' त्या एका चित्रापायी अ‍ॅप घराघरांत गेलं. जाहिरात आपणच करत होतो, आणि आपल्याला तो सणाचा खेळ वाटत होता.

(दृश्य : चहाची टपरी. उकळतं पातेलं. काउंटरवर लहान डबा. आवाज : "वीस रुपये मिळाले.")

हा डबा बघा. साउंडबॉक्स म्हणतात याला. मला या सगळ्या काळातली सगळ्यात हुशार वस्तू हीच वाटते.

चहावाल्याचे हात ओले. मोबाईल खिशात. समोर दहा गिऱ्हाईकं, त्यातला एकजण स्क्रीन दाखवून निघून जातो. पैसे खरंच आले का त्यानं नुसता जुना स्क्रीनशॉट दाखवला, कसं कळणार? डब्यानं हे सोडवलं. त्याच्या आत स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळं मालकाचा मोबाईल बंद असला तरी तो बोलतो. तो मराठीतही बोलतो. अक्षरओळख नसलेल्या भाजीवाल्या मावशींनाही पैसे आलेले कानानं कळतात.

दुसरी बाजूही आहे. हा डबा दिवसभर, प्रत्येक चहामागं, आपल्या कंपनीचं नाव पुकारत राहतो. जुन्या काळी गावात दवंडी पिटणाऱ्याला बिदागी द्यावी लागायची. इथं दवंडीच्या डब्याचं भाडं दुकानदारच भरतो.

भाडं का? कारण 1 जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून यूपीआयनं दिलेल्या पैशावर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. वीस रुपयांच्या चहात अ‍ॅपला दुकानदाराकडून काही मिळत नाही. मग कमाई करायची ती डब्याच्या भाड्यातून, विम्यातून, जाहिरातीतून. आणि कर्जातून.

कर्जाबद्दल बोलायलाच हवं.

माझ्या ओळखीतला परभणीकडचा एक पोरगा. बियाण्याला चार हजार कमी पडले. व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात आली : पाच मिनिटांत पैसे, कागद नकोत. अ‍ॅपनं विचारलं, कॉन्टॅक्ट बघू का, फोटो बघू का? प्रश्न इंग्रजीत होते. त्यानं 'अलाऊ' दाबलं, दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नव्हतं. हप्ता आठ दिवस चुकला आणि फोन सुरू झाले. त्याला नाही, त्याच्या मामाला, शाळेतल्या गुरुजींना, होणाऱ्या सासऱ्यांना. सोयरीक मोडली. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्ये नियम केले : कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला मोबाईलमधली नावांची यादी, फोटो, कॉलची नोंद बघता येणार नाही, आणि पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात गेले पाहिजेत. नियम चांगले आहेत. त्या पोराला ते उशिरा मिळाले.

पैसे लावून खेळायच्या रमीच्या अ‍ॅपचंही तेच. जाहिरातीतले ओळखीचे चेहरे हसत हसत बोलवायचे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं असल्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधीच्या वर्षांत ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल कुणाकुणाच्या बोटाखालून निघून गेली, ते बीड जिल्ह्यातल्या बायकांना विचारा.

(दृश्य : शेताचा बांध. पिवळं पडलेलं सोयाबीन. शेतकरी मोबाईल तोंडाजवळ धरून बोलतोय.)

"सोयाबीन पिवळं पडायलंय, काय फवारावं?"

हे टाइप करायला त्याला पाच मिनिटं लागली असती, बोलायला पाच सेकंद. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय ऑगस्ट 2017 मध्ये आली. 'पडायलंय' हे आमचं बोलणं यंत्राला दरवेळी कळतंच असं नाही. पण 'सोयाबीन' आणि 'पिवळं' एवढं पकडलं तरी मोझॅक रोगाचे व्हिडिओ समोर येतात.

भाषेच्या बाबतीत अ‍ॅपवाले अजून फार कमी पडतात. कित्येक अ‍ॅपच्या मराठी पानावर 'आता स्थापित करा' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं घट स्थापन करतात, गणपती स्थापन करतात. अ‍ॅप टाकतात. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडं इथला माणूस कसा वळणार? उलट नांदेड-लातूरच्या बोलीत तीस सेकंदांचं रील करणारी पोरं काय विकतात ते लोक थांबून ऐकतात, कारण ती घरातल्यासारखी बोलतात.

आणि मोबाईलमधली जागा. सकाळच्या फुलांच्या फोटोंनी, लग्नाच्या व्हिडिओंनी मेमरी भरलेली. गूगलनंच एकदा मांडलं होतं की अ‍ॅप 6 एमबीनं वाढलं की ते टाकून घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 1 टक्क्यानं घटतं. मेमरी फुल झाली की जे रोज लागत नाही ते आधी काढून टाकलं जातं.

ई-पीक पाहणीचं तसंच होतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेलं हे सरकारी अ‍ॅप. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा म्हणजे पेरा सातबाऱ्यावर चढतो. हंगामापुरतं टाकायचं, नोंद झाली की काढायचं. कधी सर्व्हर चालत नाही, कधी शेतात रेंज नसते, तरी लोक पुन्हा पुन्हा टाकतात. त्याला स्क्रॅच कार्ड लागलं नाही. पेरा सातबाऱ्यावर चढला नाही तर नुकसानभरपाई अडते, हे पुरेसं आहे.

आता मी ज्यासाठी ही फिल्म करायला घेतली त्या अ‍ॅपकडं येतो.

(दृश्य : संध्याकाळ. बालाघाटाच्या डोंगरावर काळे ढग. वीज.)

मे महिन्यात वळवाचा, ऑक्टोबरात परतीचा पाऊस. माणसं रानात, गुरं झाडाखाली, आणि वीज पडते. दरवर्षी आमच्या पेपरांत त्याच बातम्या : आंब्याखाली थांबलेली आई आणि लेक, शेतातल्या आखाड्यावरचा सालगडी, बैलजोडी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं दामिनी नावाचं अ‍ॅप केलंय. फुकट आहे. आपण उभे आहोत तिथून 20 ते 40 किलोमीटरच्या परिसरात वीज होत असेल तर ते इशारा देतं. इशारा मिळाल्याबरोबर निघालं तर बांधावरून घर गाठायला वेळ मिळू शकतो.

कर्जाचं अ‍ॅप त्या पोराला शोधत त्याच्या मोबाईलपर्यंत आलं. दामिनी असं कुणाला शोधत येत नाही. तिला ना रांगोळी, ना ओळखीचा चेहरा, ना टपरीवर पुकारणारा डबा. तिला कुणीतरी टाकूनच द्यावं लागतं.

(दृश्य : पुन्हा गंजगोलाईतलं दुकान.)

काकांचं काम झालंय. व्हॉट्सअ‍ॅप आलं, फोनपे आलं. ते पिशवी उचलतात. पोरगा म्हणतो, "काका, थांबा, अजून एक टाकतो. शेतात असताना वीज जवळ आली की सांगतंय."

"पैसे?"

"फुकट हाय. आता हे लोकेशन चालूच ठेवायचं, बंद करायचं नाही. आन् नोटिफिकेशनला मी हो केलंय, तेबी तसंच ठेवा."

काका मोबाईल हातात घेऊन वरच्या खुणेकडं बघतात.

"बॅटरी उतरती की रे त्यानं."

"उतरू द्या, काका."