दोन आठवड्यांची अदलाबदल

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटरची नळी. तिच्या अस्तरातल्या पेशी मोजके दिवस जगतात. जुन्या झडतात, नव्या उगवतात. या पेशींचं मुख्य इंधन रक्तातून येत नाही. आपल्याला न पचलेला कोंडा, डाळींची सालं, भाज्यांतले तंतू जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक स्निग्ध आम्ल तयार होतं. अस्तर त्यावर पोसलं जातं.

2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले 20 जण. पहिल्यांच्या समाजात मोठ्या आतड्याचा कर्करोग लाखात सुमारे 65 जणांना होतो, दुसऱ्यांच्या समाजात 5 जणांनाही नाही. संशोधकांनी त्यांच्या जेवणांची अदलाबदल केली. अमेरिकनांना रोज 14 ऐवजी 55 ग्रॅम तंतू मिळू लागले, चरबी निम्म्याहून कमी झाली. आफ्रिकनांचे तंतू 66 वरून 12 ग्रॅमवर आले.

फक्त दोन आठवडे! अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट अडीच पट झालं, अस्तराची सूज उतरली, पेशींची घाईची वाढ मंदावली. आफ्रिकनांमध्ये नेमकं उलट घडलं. इतक्या दिवसांत कर्करोग होत नाही की टळत नाही, दिसतात त्या केवळ खुणा. पण आतडं ताटाला किती लवकर ओ देतं, हे पाहून मन थक्क होतं.

मग नुसतं मांस सोडलं की झालं? रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, हे खरं. पण मैदा आणि साखरेचं सरबत हेसुद्धा वनस्पतींचंच. अमेरिकेतल्या सुमारे 80 हजार पुरुषांच्या पाहणीत अख्खी धान्यं, भाज्या, फळं, कडधान्यं सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये हा कर्करोग 22 टक्के कमी आढळला. स्त्रियांमध्ये मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

म्हणूनच "मी शाकाहारी, मला कशाला तपासणी?" हे ऐकलं की काळजी वाटते. शौचातून रक्त जात असेल, पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर थांबू नका. अस्तरावर उगवलेल्या साध्या गाठीचा (पॉलिपचा) कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात ती सापडू शकते.

त्या प्रयोगात आलेले सगळे निरोगी स्वयंसेवकच होते. तरी दुर्बिणीच्या तपासणीत 20 अमेरिकनांपैकी 9 जणांच्या आतड्यात गाठी निघाल्या. त्या काढून टाकल्या.