मशीनला डोळे नसतात: घरच्या ब्रेडबद्दल थोडं

मंडळी, बोलायला लागायच्या आधी मी इथे टेबलावरचं ब्रेडचं मशीन चालू केलंय, तो जो घुर्रघुर्र आवाज येतोय ना तो त्याचाच, राहू दे तसाच, दहा एक मिनिटांनी आपण झाकण उघडून आत बघणार आहोत. मला आज जे सांगायचंय ते त्या दहाव्या मिनिटाबद्दलच आहे. बाकीचं सगळं मशीन करतं.

मशीन म्हणजे तरी काय, तर एक छोटा ओव्हन, त्यात एक नॉनस्टिक पॅन, पॅनच्या तळाशी फिरणारं पॅडल आणि वेळ मोजणारं घड्याळ. साध्या ब्रेडचा प्रोग्राम तीन ते चार तासांचा असतो. त्यात मळणं सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं, मग पीठ फुगायला दीडएक तास, त्यात मधेमधे पॅडल थोडं फिरून साठलेली हवा काढून टाकतं, आणि शेवटी पाऊण ते एक तास भाजणं. काही मशीन सुरुवातीला अर्धा तास नुसती गप्प बसतात, तेव्हा बिघडलंय असं समजून बटणं दाबू नका, आतलं सगळं सामान एका तापमानाला आणायचं काम चाललेलं असतं.

या मशीनमागची एक गोष्ट मला फार आवडते. जपानमध्ये मात्सुशिता कंपनी, जी पुढे पॅनासोनिक झाली, तिथले इंजिनिअर 1980 च्या दशकात घरगुती ब्रेड मशीन बनवत होते आणि ब्रेड काही केल्या जमत नव्हता, बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. त्यांनी मशीनने मळलेल्या आणि कसलेल्या बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे सुद्धा काढून बघितले, पण त्यातून काही कळेना. मग इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन चक्क पीठ मळायला शिकली आणि तिच्या लक्षात आलं की तो माणूस पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतोय. हे त्या बेकरने सांगितलं नव्हतं, त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं होतं की सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला वाटत नसणार. तिने ते इंजिनिअरांना समजावलं, पॅनच्या आतल्या बाजूला उभ्या कडा बसवल्या, म्हणजे गोळा त्यांना अडून पिळला जाईल, आणि 1987 मध्ये मशीन बाजारात आलं. तुमच्या पॅनमध्येही आतून असा उंचवटा असेल तर घरी गेल्यावर त्यावर एकदा बोट फिरवून बघा, बेकरचा हात आहे तो.

म्हणजे मशीन हाताकडून मळायला शिकलं. पण हात अजून एक काम करत असतो, पीठ सैल झालंय का घट्ट झालंय हे त्याला मळता मळता कळत असतं आणि तो आपोआप पाण्याचा हबका मारतो नाहीतर चिमूटभर पीठ घेतो. हे मशीनला येत नाही. पाणी कमी असलं तरी ते तसंच फिरत राहणार, जास्त असलं तरी तसंच.

आणि पाणी कमीजास्त होणारच हो! प्रत्येक पीठ वेगळं पाणी पितं. मैद्याला वजनाच्या साधारण 60 ते 65 टक्के पाणी लागतं, म्हणजे 500 ग्रॅमला 300 ते 325 मिली. कणकेत कोंडा असतो, तो पाणी जास्त पितो आणि सावकाश पितो, शिवाय चक्कीत दळताना स्टार्चचे कण जितके जास्त फुटतील तितकं पाणी अजून वाढतं. म्हणून रेसिपी कुठलीही असो, ती सुरुवात समजायची. आणि कपाने मोजू नका, खरंच सांगतो, पीठ हलक्या हाताने भरलं तर एका कपात 120 ग्रॅम बसतं आणि दाबून भरलं तर 150, आता एवढा फरक असल्यावर अंदाजपंचे ब्रेड कसा जमणार? साधा वजनकाटा घ्या. 500 ग्रॅम पिठाला 9-10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅमच्या आसपास इन्स्टंट यीस्ट, चमचाभर साखर, थोडं तेल किंवा बटर, बास.

हां, झाली दहा मिनिटं. या, जवळ या. दिसतंय का, गोळा धरलाय पण वर भेगा आहेत आणि पॅडलबरोबर थडथड आपटतोय, म्हणजे घट्ट आहे. एक चमचा पाणी घालतो. एकच, आणि आता थांबायचं, लगेच दुसरा घालायचा नाही, पाणी मुरायला मिनिटभर तरी द्यायचं. बघा आता, कडेचं कोरडं पीठ गोळ्याने उचलून घेतलं, पृष्ठभाग गुळगुळीत व्हायला लागला. बोट लावा, पॅडलपासून लांब मात्र, बोटाला किंचित चिकटल्यासारखं वाटतं पण बोट उचललं की सुटतं. असा हवा. तळाशी पातळ चिखलासारखं पसरलं असतं तर उलट चमचाभर पीठ घातलं असतं. मळताना झाकण उघडलं तर काहीही बिघडत नाही, फुगताना आणि भाजताना मात्र उघडायचं नाही, आतली ऊब जाते.

आता सामान घालायचा क्रम. बहुतेक मशीनमध्ये आधी पाणी, मग पीठ, कोपऱ्यात मीठ आणि साखर, आणि पिठात खळगा करून सगळ्यात वर कोरडं यीस्ट. काहींमध्ये उलटा असतो, ते तुमच्या मशीनचं पुस्तक सांगेल. रात्री टायमर लावून सकाळी ब्रेड हवा असेल तर हे फार महत्त्वाचं, यीस्ट पाण्याला लागलं की ते रात्रीच कामाला लागतं. टायमर लावताना दूध, अंडी घालू नका, तासन्‌तास बाहेर राहून खराब होतात.

मिठाचं एक सांगतो. एकदा माझ्याकडून मीठ घालायचं राहिलं, टायमर लावून झोपलो, सकाळी बघतो तर ब्रेडच्या मधोमध मोठा खड्डा. मीठ चवीसाठी असतंच पण ते यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेनची, म्हणजे पिठातली हवा धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची, जाळी घट्ट करतं, ते नसल्यावर पीठ भराभर फुगलं आणि भाजायची वेळ येईपर्यंत जाळीला तो भार पेलवला नाही. पाणी किंवा यीस्ट जास्त झालं तरी असाच खड्डा पडतो. उकाड्यात तर हमखास, कारण मळताना घर्षणाने पीठ आणखी तापतं, तेव्हा गार पाणी घ्या आणि यीस्ट थोडं कमी करा. आणि कोमट पाणी म्हणजे कोमटच, 55-60 अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, मग ब्रेड नाही, वीट मिळते.

पूर्ण कणकेचा ब्रेड मैद्याइतका फुगत नाही, कोंड्याचे कण जाळी कापत राहतात. तो जड लागतो पण चवीला मला तोच जास्त आवडतो. सुरुवातीला निम्मी कणीक निम्मा मैदा घ्या आणि होल व्हीटचा प्रोग्राम लावा, त्यात पाणी मुरायला जास्त वेळ दिलेला असतो.

पॅडलमुळे ब्रेडच्या बुडाला भोक पडतं, त्याचा काहींना राग येतो. शेवटचं फुगणं सुरू व्हायच्या आधी हाताला पीठ लावून गोळा उचला, पॅडल काढा, गोळा परत नीट ठेवा, अगदी छोटा खळगा राहतो. किंवा नुसता डोचा, म्हणजे फक्त पीठ मळून फुगवून देणारा, प्रोग्राम वापरा आणि हवा तो आकार देऊन ओव्हनमध्ये भाजा, मी स्वतः आता बऱ्याचदा तेच करतो.

बीप वाजला की पाच-दहा मिनिटांत ब्रेड पॅनबाहेर काढून जाळीवर ठेवा, पॅनमध्ये राहिला तर स्वतःच्याच वाफेने ओला होतो. आणि कापायची घाई नको, निदान एक तास. आत अजून वाफ फिरत असते, स्टार्च बसत असतो, गरम कापलात तर मधला भाग सुरीला चिकटून लगदा होतो. उरलेला फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या थंडीत स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. दोन दिवसांचा बाहेर, बाकीचा स्लाइस करून फ्रीझरमध्ये.

हा बाजूला झाकलेला आहे ना, तो सकाळी केलेला, अर्धी कणीक आहे त्यात. आता पूर्ण गार झालाय. ती दातेरी सुरी द्या जरा इकडे.