एका रिळात दहा हजार

मित्रहो, बोलायला सुरुवात करण्याआधी हे रीळ पहिल्या रांगेत देतो. हातोहात शेवटपर्यंत जाऊ द्या. सात इंची प्लास्टिकचं रीळ आहे, त्यावरच्या पट्टीत 10,000 कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे सुटे घटक, आहेत. एकेकाची लांबी एक मिलिमीटर, रुंदी अर्धा. मोहरीच्या दाण्याहून लहान. तुमच्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये या जातीचे हजारभर तरी असतात. भोसरीत माझा बोर्ड भरण्याचा, म्हणजे सर्किटच्या पाटीवर असे सुटे घटक बसवण्याचा, कारखाना आहे. तीस वर्षं आम्ही अशी रिळं वापरतोय, आणि भारतात बनलेलं एकही रीळ अजून माझ्या मशिनवर चढलेलं नाही. मला आज बोलायचंय ते याविषयी.

आधी जे कमावलं आहे ते मोकळ्या मनानं मान्य करू. 2014-15 मध्ये देशात जेमतेम एकोणीस हजार कोटींचे मोबाइल बनत होते. 2024-25 मध्ये तो आकडा साडेपाच लाख कोटींच्या आसपास गेला आणि त्यातले सुमारे दोन लाख कोटींचे फोन परदेशी रवाना झाले. नोव्हेंबर 2014 मध्ये श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना बंद झाला, तेव्हा आमच्या धंद्यातल्या पुष्कळांनी आशा सोडली होती. त्याच श्रीपेरुंबुदूरच्या पट्ट्यात आज आयफोन जोडले जातात. 2020 च्या प्रोत्साहन योजनेनं वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के दिले, मोठे कारखाने आले, हजारो मुलींच्या हाताला काम मिळालं. याला कमी लेखणं मला पटत नाही.

पण जोडणी झाली म्हणजे वस्तू आपली झाली असं नाही. फोनच्या किमतीतला आपल्याकडे पडणारा वाटा सरकारी सांगण्यानुसारही वीस टक्क्यांच्या आसपास आहे. पडदा, कॅमेरा, चिप, मेमरी आणि हे ठिपके बाहेरून येतात. बोर्ड भरायचं मशिनही बाहेरचंच, आणि ते बिघडलं की दुरुस्तीचा माणूससुद्धा.

हे असं का झालं? एक कारण 1997 मधलं आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या मालावरचं आयातशुल्क शून्यावर आणण्याच्या जागतिक करारात आपण तेव्हा सामील झालो, आणि 2005 पर्यंत ते उतरलं. तयार माल बिनशुल्क येऊ लागला. इथे बनवणाऱ्याला मात्र कच्च्या मालावर शुल्क, वर महाग वीज, महाग कर्ज. अनेकांनी कारखान्याचं गोदाम केलं आणि आयातदार झाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही घर चालवायचं होतं.

दुसरं कारण खोल आहे, आणि ते या रिळात आहे. हा कपॅसिटर म्हणजे मातीकाम आहे. बेरियम टायटनेटच्या भुकटीचा, मायक्रॉनपेक्षाही पातळ थर, त्यावर निकेलचा थर, पुन्हा मातीचा. असे शेकडो थर एकावर एक रचायचे आणि भट्टीत भाजायचे. क्योतोमध्ये अकिरा मुराता यांनी 1944 मध्ये सिरॅमिक कपॅसिटर करायला घेतले, तेव्हा वडिलांचा धंदा चिनी मातीच्या वस्तूंचाच होता. आज त्यांची कंपनी या व्यवसायात जगात सर्वांत पुढे आहे. भुकटी ते स्वतः करतात, महत्त्वाची यंत्रंही स्वतःच. ऐंशी वर्षं एकच माती मळत राहिल्याचं हे फळ आहे. ते ज्ञान विकत मिळत नाही, आणि पाच वर्षांच्या योजनेत बसतही नाही. केंद्र सरकारनं 2025 मध्ये सुट्या घटकांसाठी 22,919 कोटींची योजना आणली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. माझं म्हणणं एवढंच, की त्यातला काही पैसा भट्टीशी बसून दहा वर्षं अपयश पचवणाऱ्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. मोबाइलच्या योजनेत देशी कंपनीलासुद्धा चार वर्षांत 200 कोटी गुंतवण्याची अट होती. भोसरीत तशी माणसं किती निघणार?

आता आमच्या रोजच्या दुखण्याकडे येतो. 2012 मध्ये मी शेन्झेनच्या हुआचियांगबेई बाजारात होतो. एकाचा नमुना सकाळी नापास झाला. दुपारी तो खाली गल्लीत उतरला, पर्यायी पार्ट घेऊन आला, संध्याकाळी बोर्ड सुरू. भोसरीत त्याच कामाला तीन आठवडे लागतात. पार्ट आगाऊ पैसे भरून मागवायचे, ते आठ-दहा आठवड्यांनी येणार. बोर्ड भरून, तपासून दिले की बिल. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं, असा 2006 पासून कायदा आहे. एप्रिल 2024 पासून तर पैसे थकवले तर प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट पुढे ढकलली जाते. तरीही माझे पैसे बहुतेकदा नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे पाच-सहा महिने रक्कम अडकलेली आणि त्यावर बँकेचं व्याज चालू. तक्रारीची सोय आहे, पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देतं? माझ्या अनुभवात लहान कारखाने तंत्र येत नाही म्हणून मरत नाहीत, या थकबाकीनं मरतात.

तळेगावला होणारा चिपचा प्रकल्प 2022 मध्ये गुजरातला गेला, त्यावर मला आजही विचारतात. पुढच्याच वर्षी त्यातली वेदांता-फॉक्सकॉनची भागीदारी मोडली. आपण त्यावर जितकं भांडलो त्याच्या निम्मं जरी या 45 दिवसांसाठी भांडलो असतो, तर पिंपरी-चिंचवडमधले कितीतरी कारखाने आज उभे असते. हे मी फार विचार करून बोलतोय.

2021 च्या चिपच्या टंचाईत मला स्वतःला धडा मिळाला. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजतात ना, त्या यंत्राचे बोर्ड आम्ही भरतो. त्यातला एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी चिप, बाजारातून नाहीसा झाला. मिळेल तिथे पंधरा-वीस पट भाव. बोर्डाचं डिझाइन दुसऱ्याचं होतं, त्यामुळे पर्यायी चिप लावायचा अधिकार मला नव्हता आणि तेवढी माहितीही नव्हती. चार महिने ती लाइन बंद राहिली. लाइनवरच्या लातूर-बीडच्या मुलींना मी दुसऱ्या कामावर वळवलं, सगळ्यांना नाही वळवता आलं. ते अजून मनात सलतं.

त्यानंतर दोन तरुण इंजिनिअरांना घेऊन आम्ही तो बोर्ड नव्यानं आखला. आता त्यावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप चालतात आणि डिझाइन आमचं आहे. दोन वर्षं गेली. पहिले 50 बोर्ड सांगोला तालुक्यातल्या संकलन केंद्रांवर लावले आहेत. पहाटे दूध येतं तेव्हा तिथलं व्होल्टेज सारखं वर-खाली होतं, प्रयोगशाळेत तसं करून दाखवता येत नाही. पन्नासांतले तीन परत आले. दोघांचा दोष पॉवर सप्लायमध्ये सापडला. तिसरा टेबलावर ठीक चालतो आणि केंद्रावर नेला की बंद पडतो. परवा त्याच्याबरोबर आमचा एक मुलगा तिकडे मुक्कामाला जातोय.